कोकराची वाढ का खुंटते? बेटांवरची मेंढी आणि माण-जतची मेंढी: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

माण, खटाव, आटपाडी, जत, कवठेमहांकाळ इथल्या मेंढपाळांशी बोलताना आणि फोनवर जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, ते इथे एकत्र केले आहेत. उत्तरं देताना उष्ण प्रदेशातल्या बेटांवरच्या मेंढीपालनाचा आधार बराच घेतला आहे. का, ते पहिल्याच प्रश्नात सांगतो.

बेटांवरच्या मेंढ्यांचा आमच्याशी काय संबंध? आमच्याकडं तर प्यायला पाणी नाही.

संबंध उन्हाचा आहे. मेंढीवरचं बरंचसं शास्त्र थंड देशांत लिहिलं गेलं. तिथलं गवत वेगळं आणि हवा वेगळी, तिथलं कोकरू रोज 300 ग्रॅम वाढतं. ते आकडे वाचून आपला तरुण मेंढपाळ स्वतःच्या मेंढरांना नावं ठेवतो. कॅरिबियनमधली बार्बाडोस आणि सेंट क्रॉय, इंडोनेशियातली जावा आणि सुमात्रा, बंगालच्या सुंदरबनची बेटं इथली मेंढी मात्र आपल्यासारख्याच उन्हात, राठ गवतावर वाढते. तिथेही जून ते नोव्हेंबर पावसाचे आणि पुढे कोरडे महिने असा हिशोब अनेक ठिकाणी आहे. बार्बाडोस तर उसाचं बेट, म्हणजे आपल्या वाळवा-कराडच्या पट्ट्यासारखंच.

फरक दमटपणाचा. तिथे कोकराचा पहिला शत्रू जंत, आपल्याकडे चाऱ्याची टंचाई. पण आपल्याच सातारा जिल्ह्यात महाबळेश्वरला 5000 मिलीमीटरच्या वर पाऊस पडतो आणि म्हसवड-दहिवडीला त्याच्या दहाव्या हिश्श्याच्या आसपास. दिवाळीनंतर कोकणाकडं उतरणारं खांड, म्हणजे भटका कळप, तर थेट त्या दमट हवेतच जातं. त्यामुळे दोन्हींचे धडे आपल्या कामाचे आहेत.

कोकराची वाढ नेमकी कशावर अवलंबून असते?

आईवर. बाकीचं नंतर येतं. जात, ऋतू, नर की मादी, एकटं की जुळं, आईचं वेत, जंत, चारा, मेंढपाळाची देखभाल ही सगळी कारणं खरी आहेत, बेटांवरच्या कळपांच्या नोंदींतही हीच पुन्हा पुन्हा पुढं येतात. पण यातली बहुतेक कारणं आईच्या पोटातून किंवा आईच्या कासेतूनच कोकरापर्यंत पोचतात. कोकरू चरायला लागल्यावर त्याच्याकडं लक्ष द्यायचं, ही आपली जुनी सवय आहे. तोवर निम्मा डाव संपलेला असतो.

जन्मताना वजन किती असावं?

आपल्या भागातल्या दख्खनी जातीचं कोकरू अडीच ते साडेतीन किलोचं असलं की समाधान मानावं. जतकडच्या माडग्याळ जातीचं अंगानंच मोठं, साडेतीनच्या पुढं जातं. सुंदरबनची गरोळ मेंढी एवढीशी असते की तिचं कोकरू सव्वा किलोच्या आसपास जन्मतं, तिथं ते नॉर्मलच.

आपल्या दख्खनीचं कोकरू दोन किलोच्या खाली आलं, तर त्याच्याजवळ रात्रभर बसायची तयारी ठेवा. अंगात चरबी नाही, त्यामुळे थंडी सोसत नाही. उठायला वेळ लागतो, तोवर सड धरायची ताकद संपते.

गाभण मेंढीला खुराक द्यायचा की नाही? आमचे वडील कधीच देत नव्हते.

द्यायचा, आणि नेमका कधी ते महत्त्वाचं. मेंढीचा गाभणकाळ साधारण 150 दिवसांचा. त्यातल्या शेवटच्या सहा आठवड्यांत पोटातलं कोकरू आपल्या जन्मवजनाच्या जवळपास 70 टक्के वाढतं. म्हणजे साडेतीन महिने मेंढी चरून आली तरी भागतं, पुढचा दीड महिना मात्र भागत नाही. पोटात जागा कोकरानं व्यापलेली, त्यामुळे मेंढीला ओला-वाळला चारा जास्त खाताही येत नाही. तेव्हा थोडक्यात जास्त ताकद देणारं काहीतरी लागतं.

मी रोज 200 ते 300 ग्रॅम देतो. मक्याचा भरडा, शेंगदाणा किंवा सरकी पेंड, गव्हाचा कोंडा, चिमूटभर मीठ आणि मेंढ्यांसाठीचं खनिज मिश्रण. सगळ्या कळपाला देणं परवडत नसेल तर शेवटच्या दीड महिन्यातल्या मेंढ्या संध्याकाळी वेगळ्या काढा. कोणती कधी फळली हे आठवत नसेल तर नराच्या छातीला रंग किंवा गेरू लावायचा. ज्या मेंढीच्या पाठीवर रंग, तिची तारीख वहीत.

वडील देत नव्हते हे खरं, पण वडिलांच्या काळी गायरान मोकळं होतं, पडीक रान होतं, आणि कापणी झालेल्या रानात मेंढरं बसवायला शेतकरी धान्य देऊन बोलवायचे. आज त्या रानांत द्राक्षं, डाळिंब आणि ऊस आहे. मेंढीच्या तोंडचा घास गेला, तो भरून कुणीतरी द्यायलाच हवा.

सांगलीच्या ऊसपट्ट्यात उतरणाऱ्यांना एक सांगणं. नुसत्या उसाच्या वाढ्यावर, म्हणजे शेंड्याच्या पाल्यावर, गाभण मेंढी ठेवू नका. वाढ्यात प्रथिनं कमी, आणि त्यातल्या ऑक्झलेट नावाच्या घटकामुळे अंगाला कॅल्शियम लागत नाही. सोबत तुरीचं किंवा हरभऱ्याचं भुसकट, शेवरीचा पाला, काहीतरी डाळवर्गीय हवंच. उसाच्या बेटांवरही वाढं आणि मळी जनावरांना घालतात, पण पोट भरायला आणि जोडीला. त्यावर कोकरू वाढत नाही.

चीक पाजला का, असं प्रत्येक जण विचारतो. एवढं काय त्यात?

कोकरू जन्मतं तेव्हा त्याच्या रक्तात रोगाशी लढायची शिबंदी जवळजवळ नसते. ती चिकातून येते. आणि कोकराच्या आतड्याला ती जशीच्या तशी शोषता येते फक्त पहिल्या 24 तासांत, त्यातही पहिल्या सहा तासांत सर्वांत चांगली. नंतर पाजलेला चीक दूध म्हणून उपयोगी पडतो, कवच म्हणून नाही. हिशोब सोपा: पहिल्या दिवसात वजनाचा दहावा हिस्सा. तीन किलोच्या कोकराला 300 मिली, चार-पाच वेळा विभागून.

मागच्या पौषात वाघरीत, म्हणजे मुक्कामाच्या जाळीच्या कुंपणात, एक पहिलटकरीण रात्री दोनच्या सुमाराला व्याली. जुळी. पहिलं कोकरू मिनिटांत उठून कासेला लागलं, मेंढी त्यालाच चाटत बसली. दुसरं ओलं तसंच पडलेलं. तोंडात बोट घातलं तर तोंड थंड. चोखण्याचा जोर नाही. आधी गोणपाटानं खसखसून पुसलं, घोंगडीत गुंडाळून चुलीजवळ ठेवलं. मग मेंढीला एका बाजूनं दाबून वाटीत चीक काढला, पिवळाधमक, मधासारखा दाट. अंग गरम झाल्यावरच पाजला, कारण थंड पडलेल्या कोकराला तोंडानं पाजलं तर ते फुप्फुसात जातं. सुईविना सिरिंजनं गालाच्या कडेनं, थेंबाथेंबानं, साठेक मिली. पहाटेपर्यंत तीनदा. उजाडताना त्यानं शेपटी हलवली. कोकरू पिताना शेपटी हलवतं ती जिवंतपणाची खूण आहे, ज्यानं पाहिली त्याला कळेल.

त्या दिवशी सकाळी ताणकाट्यावर एक 2.3 किलो भरलं, दुसरं 1.7. दोन्ही जगली. चीक पाजायचा राहिला असता तर दुसरं दुपारपर्यंत गेलं असतं.

नाळ टिंक्चर आयोडीनमध्ये बुडवायला विसरू नका. सडाच्या तोंडाशी खुट्टी बसलेली असते, दोन धारा पिळून ती मोकळी करा.

जुळी कोकरं मागं का राहतात? मग नारी सुवर्णा घ्यावी का?

दुधाचं गणित बघा. एक किलो वजन वाढायला कोकराला साधारण पाच लिटर मेंढीचं दूध लागतं. दोन कोकरं रोज शंभर-शंभर ग्रॅम वाढायची तर रोज लिटरभर दूध हवं. आपल्या दख्खनी मेंढीला चरण्यावर एवढं दूध क्वचितच असतं. त्यात ती पोटातही एकमेकांची जागा खाऊन लहान जन्मलेली असतात.

बेटांचा यात मोठा वाटा आहे. सुंदरबनच्या गरोळ मेंढीत जुळ्या-तिळ्यांचा एक जनुक आहे, फेक-बी नावाचा. अठराव्या शतकाच्या अखेरीस बंगालहून ऑस्ट्रेलियाला गेलेल्या मेंढ्यांतून तो तिकडच्या बुरूला मेरिनो जातीत पोचला असं मानतात. जावा बेटावरच्या बारीक शेपटीच्या मेंढीतही तोच आहे. फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेनं हा जनुक गरोळमधून आपल्या दख्खनीत आणला, तीच नारी सुवर्णा. सातारा जिल्ह्यात झालेलं हे काम आहे आणि मला त्याचा मनापासून अभिमान वाटतो.

घ्यावी का? तुम्ही गाभण मेंढीला खुराक देणार असाल, व्यायच्या वेळी हजर असाल, आणि कमजोर कोकराला बाटली धराल, तर जरूर. दोन कोकरं प्रत्येकी 11 किलोची म्हणजे 22 किलो, एकटं मात्र 14 किलोचं. पण वर्षभर भटकंतीत असलेलं खांड, रोज नवा मुक्काम, माणसं दोनच, अशा ठिकाणी प्रत्येक मेंढीला जुळी होणं जाचक ठरतं. मुक्काम हलवताना तट्टावरच्या जाळीत किती कोकरं बसवणार?

नर आणि मादी, पहिलं वेत आणि चौथं वेत, यानं किती फरक पडतो?

नर जन्मतःच थोडा जड, आणि महिन्यागणिक अंतर वाढत जातं. पहिलटकरणीचं कोकरू हलकं, कारण आई स्वतःच वाढत असते आणि कासही लहान असते. तिसऱ्या ते पाचव्या वेताची मेंढी सर्वांत भरवशाची. म्हणून नराची निवड करताना चौथ्या वेताच्या एकट्या नर कोकराची तुलना पहिलटकरणीच्या जुळ्याशी करू नका. बाजारात मोठं दिसतं ते आईच्या दुधाचं असतं, रक्ताचं असेलच असं नाही.

कोणत्या महिन्यातलं कोकरू चांगलं वाढतं?

आमच्या भागात कार्तिक-मार्गशीर्षातलं. पहिल्या पावसाच्या गवतावर मेंढ्या माजावर येतात. जूनच्या मध्याला फळलेली नोव्हेंबरच्या मध्याला विते. तिचा शेवटचा दीड महिना बाजरी-मटकी निघालेल्या रानात जातो, कोकराच्या वाट्याला कोरडी हवा येते, जंत कमी. फक्त थंडीपासून आडोसा करावा लागतो.

उलट जून-जुलैत जन्मलेल्या कोकराची आई एप्रिल-मेच्या उन्हात गाभण असते. उन्हाचा चटका बसलेल्या गाभण मेंढीची वार, म्हणजे पोटात कोकराला पोसणारी नाळेची पिशवीच, लहान होते, तिच्यातून कोकराला रक्त कमी पोचतं आणि कोकरू हलकं जन्मतं. चारा पुरेसा दिला तरी हा परिणाम राहतो, हे प्रयोगांत सिद्ध झालेलं आहे. त्यात वर चिखल, ओली लोकर, माश्या. बेटांवरच्या पावसाळी कोकरांचीही हीच कथा आहे. नर वर्षभर कळपात मोकळा असेल तर तुमच्या हातात काहीच राहत नाही. नराला पोटाखाली कापडाची आड बांधायची पद्धत जुन्या माणसांना ठाऊक आहे, ती सोडू नका.

कोकरं खातात-पितात, तरी अंगाला लागत नाही. जंत असतील का?

बहुतेक वेळा हो. आणि त्यात सगळ्यात वाईट हिमाँकस, चौथ्या पोटात राहून रक्त पिणारा. एक जंत दिवसाला सुमारे 0.05 मिली रक्त ओढतो. हजार जंत असले तर 50 मिली. दहा किलोच्या कोकराच्या अंगात रक्त असतं किती? लिटरच्याही आत. मादी जंत रोज हजारो अंडी घालते, ओल आणि ऊब मिळाली की आठवड्याभरात त्यांतून अळी तयार होऊन गवताच्या बुडाशी बसते. म्हणूनच दमट बेटांवर हा बारमाही असतो आणि आपल्याकडं पावसाळ्यात, शिवाय कालव्याकाठच्या ओल्या रानात.

हगवण लागेलच असं नाही, हिमाँकसमध्ये बऱ्याचदा लागत नाही. म्हणून लेंडी बघून निर्धास्त राहू नका. खालची पापणी उलटून पाहा. लाल-गुलाबी असेल तर ठीक, पांढरी फटक असेल तर औषध आजच. जबड्याखाली पाण्याची पिशवी लोंबली म्हणजे फार उशीर झालाय.

पापणीचा रंग पाहून ज्याला गरज त्यालाच औषध, ही पद्धत दक्षिण आफ्रिकेत तक्त्याच्या रूपात बसवली गेली आणि बेटांवरही वापरतात. मी चार वर्षं दर तीन महिन्यांनी सगळ्या कळपाला एकच औषध पाजत राहिलो, तेही अंदाजानं, कमी मात्रेत. पाचव्या वर्षी औषध देऊन पंधरा दिवसांत कोकरं पुन्हा पांढरी पडली. जंत औषधाला सरावले होते. त्या पावसाळ्यात नऊ कोकरं गेली, ती चूक मला अजून टोचते. आता वजन करून, गटातल्या सर्वांत जड कोकराच्या मापानं मात्रा ठरवतो आणि औषध डॉक्टरांना विचारून, लेंडी तपासून बदलतो.

व्यायच्या सुमाराला मेंढीची स्वतःची ताकद उतरते आणि तिच्या लेंडीतून अंडी जास्त पडतात, म्हणजे कोकराला पहिला जंत आईकडूनच मिळतो. तिची पापणी आधी बघा.

सेंट क्रॉयची पांढरी बिनलोकरीची मेंढी हिमाँकसला चिवट तोंड देते, हे तिथल्या आणि अमेरिकेतल्या कामातून दिसून आलंय. जावाची बारीक शेपटीची मेंढी यकृतातल्या चपट्या जंताला दाद देत नाही. शेकडो वर्षं ओल्या बेटांवर जी जगली ती अशी घडली. आपल्या कळपातही एखादी मेंढी कधीच पांढरी पडत नाही. तिचं नर कोकरू पैदाशीला ठेवा.

सकाळी लवकर चरायला सोडलं तर चालतं का?

पावसाळ्यात दव वाळल्यावर सोडा. जंताची अळी ओल्या पात्यावर चढते, पण जमिनीपासून दोन-तीन इंचांच्या आतच बहुतेक असते. झुडपाचा पाला, बोर, हिवर, बाभळीच्या शेंगा या जंतमुक्त. उन्हाळ्यात मात्र पहाटे सोडून अकराला सावलीत आणा. उन्हात मेंढी एकमेकींच्या पोटाखाली डोकं घालून उभी राहते तेव्हा ती चरत नसते, आणि तिचं दूध त्याच दिवशी कमी होतं.

सुबाभळीनं लोकर गळते म्हणतात. कोकरांना घालू का?

थोडी घाला. सुबाभळीत प्रथिनं भरपूर, पण मिमोसिन नावाचं विष असतं, त्यानं केस गळतात, वाढ थांबते. याचा उलगडा एका बेटावरच झाला. हवाईत शेळ्या सुबाभूळ खाऊनही ठणठणीत होत्या. ऑस्ट्रेलियाचे शास्त्रज्ञ रेमंड जोन्स यांच्या ते लक्षात आलं. त्या शेळ्यांच्या पोटात मिमोसिनचं विष पचवणारा एक जिवाणू होता. 1980 च्या दशकात तो ऑस्ट्रेलियातल्या जनावरांच्या पोटात सोडला आणि तीही सुबाभूळ पचवू लागली. पुढं त्या जिवाणूला जोन्स यांचंच नाव दिलं गेलं.

आपल्याकडं एकूण चाऱ्याच्या तिसऱ्या हिश्श्यापुढं जाऊ नका, हळूहळू सवय लावा, गाभण मेंढीला त्याहून कमी. शेवरी आणि हादगा असतील तर ते आधी.

कोकराला खुराक कधीपासून? दूध कधी तोडायचं?

दोन आठवड्यांचं झालं की कोवळा पाला आणि मूठभर भरडा तोंडासमोर ठेवा. पहिले काही दिवस नुसतं हुंगेल. मोठ्या मेंढ्यांना शिरता येणार नाही अशी बांबूची खिडकी करून आत खुराक ठेवायचा. आईचं दूध तिसऱ्या-चौथ्या आठवड्यानंतर उतरायला लागतं, तोवर कोकराचं पोट चारा पचवायला शिकलेलं हवं. दूध तीन महिन्यांनी तोडा. मुक्कामाच्या गडबडीत दोन महिन्यांचं कोकरू विकून टाकणं मला पटत नाही, त्याच्या वाढीचा स्वस्तातला काळ खाटकाच्या गोठ्यात जातो.

एक इशारा. गायी-म्हशींचं किंवा कोंबड्यांचं खनिज मिश्रण मेंढीला घालू नका. मेंढीला तांबं सोसत नाही, ते यकृतात साठतं आणि एके दिवशी जनावर अचानक जातं.

बाहेरची जात आणून संकर करू का?

माडग्याळ जवळ असताना इतकं लांब का जायचं, हा माझा पहिला प्रश्न. जत तालुक्यातली ही उंच, बाकदार नाकाची, तांबूस ठिपक्यांची मेंढी वाढीला आपल्या भागात उजवी आहे. पण ती खाणारीही आहे. दख्खनीच्या चाऱ्यावर माडग्याळ ठेवली तर दोन्हीकडून तोटा. सुमात्रात रबराच्या बागांखाली चरणाऱ्या स्थानिक मेंढ्यांना सेंट क्रॉय आणि बार्बाडोसचे नर लावले, तिथं संकर चालला, कारण नरही उष्ण बेटांवरचेच होते. थंड देशाच्या नराचं कोकरू पहिल्या उन्हाळ्यात उघडं पडतं.

जातीपेक्षाही मोठा प्रश्न एकाच नराचा आहे. बेटावरचे बंदिस्त कळप नात्यातल्या नात्यात फळत राहिले की कोकरं हलकी जन्मतात, मरतुक वाढते. आपलं खांडही एका अर्थानं बेटच असतं. बाप आणि लेक एकाच वाघरीत. दोन वर्षांनी नर बदला, शेजारच्या वाड्याशी अदलाबदल केली तरी चालेल. अहिल्यादेवी मेंढी व शेळी विकास महामंडळाची प्रक्षेत्रं दहिवडी आणि रांजणीला आहेत, तिथं चौकशी करता येते.

लसी कोणत्या?

पावसाआधी आंत्रविषाराची (आतड्यात विष तयार होणाऱ्या रोगाची), नाहीतर पहिल्या कोवळ्या गवतावर सर्वांत गुबगुबीत कोकरू आधी जातं. गाभण मेंढीला व्यायच्या महिनाभर आधी ती टोचली तर चिकातून कोकरालाही कवच मिळतं. पीपीआर या मेंढ्या-शेळ्यांच्या विषाणूजन्य साथरोगाची लस चार महिन्यांनंतर. देवीची लस आणि वेळापत्रक गावच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात ठरवून घ्या.

आमची कोकरं नीट वाढतात की नाही, कसं ओळखायचं?

वजन करून. डोळ्यानं नाही. लोकर फसवते, पोटभर पाणी फसवतं. पंचवीस किलोचा ताणकाटा आणि गोणपाटाची झोळी एवढंच लागतं. जन्माला, महिन्याला, तीन महिन्यांना, सकाळी चरायला सोडण्याआधी. तीन किलोचं कोकरू रोज शंभर ग्रॅम वाढलं तर नव्वद दिवसांत 12 किलो होतं, दीडशे ग्रॅमनं वाढलं तर साडेसोळा. चरण्यावरच्या दख्खनी कोकराला शंभर ग्रॅम म्हणजे चांगलं. पहिल्या महिन्यातच शंभराच्या खूप खाली असेल तर आईची कास तपासा, एक सड बंद तरी असेल किंवा ती उपाशी तरी. तिसऱ्या महिन्यात मागं पडलं तर पापणी उलटा.

वर सांगितलेल्या जुळ्यांतलं मोठं तीन महिन्यांना 12.8 किलो भरलं, चुलीजवळ झोपलेलं 10.4. धाकटी मादी आहे. ती विकली नाही, येत्या आषाढात तिला पहिल्यांदा नराकडं सोडायची आहे.